दगडी कोळसा मऊ का पडतो? उष्णता, द्रावक आणि आतल्या रेणूंची हालचाल

पोलाद कारखाना कोकसाठी (म्हणजे कोळसा हवेविना तापवून बनणाऱ्या घट्ट, सच्छिद्र इंधनासाठी) कोळसा घेताना राख आणि गंधक तर विचारतोच, पण कोळसा निवडला जातो किंवा नाकारला जातो तो मुख्यतः एका प्रश्नावर: तापवल्यावर हा मऊ पडतो का? जगातला बहुतेक कोळसा पडत नाही. चंद्रपूर, वणी, उमरेडच्या खाणींतला कोळसा बंद भांड्यात तापवला, तर पाण्याची वाफ, वायू आणि थोडे डांबर निघून जाते आणि मागे सुटे, ठिसूळ तुकडे उरतात. झरियातला चांगला कोकिंग कोळसा मात्र चारशे अंश सेल्सिअसच्या आसपास सैल होतो, दाट चिकट लगदा बनतो, फुगतो, आणि पाचशेच्या सुमारास पुन्हा घट्ट होऊन त्याचा एकसंध सच्छिद्र गोळा तयार होतो. दोन्ही कोळसे गोंडवन या कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या काळातल्या वनस्पतींपासूनच बनलेले, दोन्हींत सर्वांत जास्त कार्बनच. तरीही एक वितळल्यासारखा होतो आणि दुसऱ्याचे कण जागचे हलत नाहीत.

हा फरक समजून घ्यायचा तर कोळशात काय कशाला आणि किती जोराने बांधलेले आहे, हे पाहावे लागते. रसायनशास्त्रज्ञ शंभर वर्षांहून अधिक काळ दोन हत्यारांनी त्याचा शोध घेत आहेत. एक उष्णता, दुसरे द्रावक. दोन्ही कोळशातल्या गाठी सोडवतात, पण त्याच गाठी सोडवत नाहीत. म्हणूनच दोघांची उत्तरे शेजारी ठेवून पाहण्यात खरी गंमत आहे.

आधी एक समजूत बाजूला ठेवू. कोळसा म्हणजे ‘अशुद्ध कार्बन’, ग्रॅफाइटचा गरीब भाऊ, असे शाळेत मनात बसते. प्रत्यक्षात त्यात कार्बनबरोबर हायड्रोजन, ऑक्सिजन, नायट्रोजन आणि गंधक असते, आणि त्याची बांधणी प्लॅस्टिक किंवा रबराच्या जास्त जवळची आहे. कपाटात ठेवायच्या डांबरगोळीतले नॅफ्थालीन हे मुळात कोळशाच्या डांबरातून मिळालेले रसायन. त्याच्या रेणूत बेंझीनची दोन वलये एकमेकांना चिकटलेली असतात. कोळशात अशीच दोन, तीन, चार किंवा अधिक वलयांची सपाट जुडगी असतात. एक जुडगे दुसऱ्याला कार्बनच्या छोट्या साखळीने किंवा ऑक्सिजनच्या अणूने जोडलेले असते. हे पूल खरे रासायनिक बंध आहेत. त्यातून एक वेडेवाकडे, कुठेही एकसारखे नसलेले जाळे तयार होते.

जाळ्यात रासायनिक पुलांखेरीज दुसऱ्या प्रकारची पकडही असते. ऑक्सिजन-हायड्रोजनचे गट शेजारच्या गटांशी हायड्रोजन बंध करतात, सपाट वलये एकमेकांवर रचून बसतात. अशा एका हायड्रोजन बंधाची ताकद साधारण २० ते ३० किलोज्यूल प्रति मोल. दोन वलयजुडग्यांमधल्या कार्बनच्या साखळीतला सर्वांत कच्चा दुवा तोडायलाही याच्या आठ-दहा पट ऊर्जा लागते. पण दुबळे बंध संख्येने प्रचंड असतात, आणि असंख्य दुबळ्या हातांनी धरलेली वस्तू घट्टच बसते. शिवाय जाळ्याच्या पोकळ्यांत काही लहान रेणू नुसतेच अडकलेले असतात. यांना कोळशाचा ‘चल भाग’ म्हणतात. हा चल भाग खरोखर वेगळा आहे, की तो त्याच जाळ्याचा सैल टोकाचा तुकडा आहे, यावर १९८६ मध्ये ‘फ्युएल’ या संशोधन नियतकालिकात कोळसाशास्त्रज्ञांनी उघड वाद घातला. तो वाद पूर्ण मिटलेला नाही.

नेहमीच्या तापमानाला हे सगळे गोठलेले असते. रेणूंची रचना अव्यवस्थित, पण हालचाल जवळजवळ शून्य, अशा घन स्थितीला शास्त्रात काच म्हणतात, मग ती पारदर्शक असो वा काळीकुट्ट. भाजलेल्या पापडाचा विचार करा. कोरडा असताना वाकवला तर तो कटकन मोडतो. पावसाळ्यात उघडा राहिला की सादळतो आणि वाकू लागतो. पिठाचे रेणू तेच असतात. हवेतले पाणी त्यांच्यामध्ये शिरते, त्यांचे आपसातले हायड्रोजन बंध सोडवते आणि त्यांना सरकायला जागा करून देते. कोळशाचेही तसेच आहे, फक्त त्याला सादळवायला पाणी पुरत नाही.

काच ज्या तापमानाला कडकपणा सोडून रबरासारखी होते, त्याला काचसंक्रमण तापमान म्हणतात. कोरड्या बिट्युमिनस कोळशात (कोवळे लिग्नाइट आणि सर्वांत प्रौढ अँथ्रासाइट यांच्या मधला प्रकार) ते सुमारे ३०० अंशांच्या पुढे असते. म्हणजे रेणू हलते करायचे असतील तर दोन वाटा उरतात. कोळशाला त्या तापमानापर्यंत न्या, किंवा योग्य द्रावक आत घालून ते तापमानच खाली, खोलीच्या तापमानाच्याही खाली आणा.

दुसरी वाट आधी पाहू, कारण तिच्यात रासायनिक पूल शाबूत राहतात आणि म्हणून तिचा अर्थ लावणे सोपे जाते. यासाठी सर्वांत जास्त वापरलेला द्रव म्हणजे पिरिडीन. अत्यंत उग्र, सडक्या मासळीसारख्या वासाचा. त्याच्या रेणूतला नायट्रोजन हायड्रोजन बंधाचा फार लोभी. कोळशातला एक गट दुसऱ्याचा हात धरून बसलेला असतो, तिथे पिरिडीन मध्ये घुसते आणि स्वतःच तो हात धरते. हे ठिकठिकाणी झाले की जाळे फुगते. अमेरिकेतल्या इलिनॉय क्रमांक ६ या थरातला कोळसा पिरिडीनमध्ये मूळच्या दुपटीहून अधिक आकारमानाचा होतो. टोल्यूइनमध्ये मात्र तोच कोळसा फारच कमी फुगतो. टोल्यूइनला हायड्रोजन बंध तोडता येत नाहीत, आणि या दोन आकड्यांमधली तफावत हीच त्या बंधांची साक्ष आहे.

१९८०च्या दशकात डग्लस ब्रेनर या अमेरिकी शास्त्रज्ञाने कोळशाचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून त्यांवर द्रावक सोडला आणि काय होते ते बघितले. कोरडा काप ठिसूळ होता. पिरिडीन मुरल्यावर तोच काप रबरासारखा लवचीक झाला, ताणला तर ताणला जाई आणि सोडला की मागे येई. कोळसा हे जाळे आहे, त्याचे धागे मुळात लवचीक आहेत आणि ते केवळ दुबळ्या बंधांमुळे ताठरलेले आहेत, हे इतक्या थेटपणे दाखवणारा दुसरा प्रयोग मला माहीत नाही.

फुगण्याला दिशाही असते. थराच्या पातळीत कोळसा कमी फुगतो, थराला काटकोनात जास्त. कोट्यवधी वर्षे वरच्या खडकांच्या ओझ्याखाली तो दाबला गेला आणि त्या दाबलेल्या अवस्थेतच गोठला. द्रावकाने रेणू मोकळे केले की तो ताण निघून जातो. नंतर द्रावक पूर्ण काढून टाकला तरी कोळसा पहिल्या रूपात परत जात नाही. रेणू आता नव्याने, जास्त सोयीच्या जागी बसतात आणि एकमेकांना आधीपेक्षा घट्ट धरतात. म्हणून खाणीतून आलेला कोळसा आणि एकदा पिरिडीनमध्ये भिजवून वाळवलेला कोळसा यांचे रासायनिक पृथक्करण जवळजवळ सारखे आले, तरी वागणूक वेगळी असते. कोळशावरचे जुने निष्कर्ष वाचताना नमुना आधी कशातून गेला आहे हे मी सर्वांत आधी शोधतो, ते यासाठीच. ही अडचण ओळखूनच अमेरिकेच्या आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेने आठ निवडक कोळशांचे नमुने ऑक्सिजनचा स्पर्श टाळून, नायट्रोजनमध्ये काचेच्या बंद कुप्यांत भरले आणि जगभरच्या संशोधकांना तोच नमुना मिळेल अशी सोय केली.

रेणू हलतात की नाही हे मोजायचे कसे? रुग्णालयातले एमआरआय यंत्र ज्या तत्त्वावर चालते, तेच तत्त्व इथे कामी येते. हायड्रोजनची अणुकेंद्रके चुंबकीय क्षेत्रात ठेवून त्यांना रेडिओलहरींचा धक्का दिला की ती उत्तरादाखल संकेत देतात. रेणू जखडलेला असेल तर हा संकेत दहा-वीस मायक्रोसेकंदांत विरतो. रेणू हलता असेल तर कितीतरी जास्त वेळ टिकतो. कोरड्या कोळशाचा जवळजवळ सगळा संकेत झटकन विरणारा असतो. पिरिडीन मुरवले की त्यातला मोठा भाग टिकाऊ होतो. अर्थात पिरिडीनमध्येही हायड्रोजन असतो आणि त्याचा संकेत मिसळला तर मोजमाप फसेल. म्हणून या प्रयोगात हायड्रोजनऐवजी त्याचे जड रूप, म्हणजे ड्युटेरियम, असलेले पिरिडीन वापरतात. मग ऐकू येतो तो फक्त कोळशाचा आवाज.

द्रावकांच्या गोष्टीतले सर्वांत मोठे आश्चर्य जपानमधून आले. सेंदाई इथल्या तोहोकू विद्यापीठात मासाशी इइनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कार्बन डायसल्फाइड आणि एन-मिथाइल-पायरोलिडिनोन हे दोन द्रव समप्रमाणात मिसळले. एकेकटे घेतले तर दोन्ही कोळशाचा तुलनेने थोडाच भाग विरघळवतात. मिश्रणाने मात्र नेहमीच्या तापमानाला, कोणतीही उष्णता न देता, कित्येक बिट्युमिनस कोळशांचा ३० ते ६६ टक्के भाग विरघळवला. हे निष्कर्ष १९८८ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे पेन्सिल्व्हेनियातल्या अप्पर फ्रीपोर्ट थराच्या कोळशावर त्यांनी याच मिश्रणात टेट्रासायानोइथिलीन हे रसायन अगदी थोडे घातले, आणि विरघळणारा भाग सुमारे ६० टक्क्यांवरून ८५ टक्क्यांवर गेला.

याचा अर्थ खोल आहे. कोळसा म्हणजे रासायनिक पुलांनी सर्वत्र जोडलेले एकच अवाढव्य जाळे असते, तर पूल न तोडता त्याचा इतका मोठा भाग विरघळलाच नसता. म्हणजे निदान या कोळशात तरी बहुतांश वस्तुमान मोठ्या पण सुट्या रेणूंचे आहे, आणि त्यांना एकत्र धरते ती वलयांवर वलये रचून बसण्याची ओढ. टेट्रासायानोइथिलीनला इलेक्ट्रॉनची तीव्र आसक्ती असते. ते वलयांच्या रचलेल्या चळतींत ढवळाढवळ करते, असा त्याचा सर्वांत पटण्यासारखा खुलासा आहे. इलिनॉयचा कोळसा मात्र असा सहज विरघळत नाही. तिथे जाळे आहेच. सगळ्या कोळशांना एकच चित्र लावू नये हे या दोन नमुन्यांवरून स्पष्ट होते.

आता उष्णता. शंभर अंशांच्या आसपास पाणी जाते. लिग्नाइटसारख्या कोवळ्या कोळशात ही साधी घटना नसते, कारण पाण्याने उघड्या ठेवलेल्या पोकळ्या मिटतात आणि पाणी परत दिले तरी पूर्ववत होत नाहीत. त्यापुढे हायड्रोजन बंध सैल होत जातात. बिट्युमिनस कोळशात ३०० अंशांच्या पुढे काचेचे रबर होऊ लागते. इथपर्यंत उष्णता आणि द्रावक एकाच प्रकारचे काम करतात. पण उष्णतेला थांबायचे कुठे ते कळत नाही. साधारण ३५० ते ४०० अंशांत रासायनिक पुलांतले कच्चे दुवे तुटू लागतात. तुटलेल्या टोकांना एकेक सुटा इलेक्ट्रॉन उरतो, आणि तो दिसेल त्याला पकडायला धावतो. जवळ हायड्रोजन मिळाला तर टोक शांत होते आणि एक लहान, हलता रेणू तयार होतो. हायड्रोजन मिळाला नाही तर दोन टोके एकमेकांना धरतात, आणि हा नवा पूल जुन्यापेक्षा पक्का असतो.

कोळसा वितळतो की नाही हे या शर्यतीवर ठरते. एकीकडे पूल तुटून हलते रेणू तयार होत असतात, दुसरीकडे नवे पूल पडून जाळे घट्ट होत असते. काही काळ पहिली बाजू पुढे राहिली तर सगळा कोळसा लगदा बनतो. डच रसायनतज्ज्ञ डर्क व्हान क्रेव्हेलेन यांनी १९५०च्या दशकात या क्रमाचे गणित मांडले आणि मधल्या तात्पुरत्या द्रव पदार्थाला ‘मेटाप्लास्ट’ म्हटले. मेटाप्लास्टचा काही भाग डांबर आणि वायू होऊन निसटतो, उरलेला पुन्हा जोडला जातो, आणि ४७० ते ५०० अंशांच्या दरम्यान लगदा घट्ट होऊन अर्धकोक बनतो. पुढे हजार अंशांपर्यंत हायड्रोजन निघत राहतो, वलये एकमेकांना जुळून मोठी होतात आणि पक्का कोक तयार होतो.

कारखान्यात हे मोजायला गिसेलर प्लास्टोमीटर नावाचे साधे पण हुशार उपकरण असते. मुशीत कोळशाची पूड, तिच्यात रुतवलेली एक ढवळणी, ढवळणीवर ठरावीक पीळ, आणि मिनिटाला ३ अंश या गतीने वाढणारे तापमान. पूड घट्ट असेपर्यंत ढवळणी अडून राहते. कोळसा मऊ पडला की ती फिरू लागते, बहुधा ४३० ते ४६० अंशांत सर्वांत वेगाने, आणि पुन्हा थांबते. तापवण्याची गती वाढवली तर तोच कोळसा जास्त पातळ होतो, कारण नवे पूल पडायला वेळ कमी मिळतो.

ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या राष्ट्रीय संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी हेच तापवणे चुंबकीय अनुस्पंदनाच्या, म्हणजे वर सांगितलेल्या एमआरआयच्या तत्त्वावरच्या, यंत्रात केले. ढवळणी फिरू लागण्याच्या आधीच आतला बराच हायड्रोजन हलू लागलेला असतो, असे त्यात दिसते. म्हणजे हालचाल आधी रेणूंमध्ये सुरू होते, डोळ्यांना दिसणारा प्रवाह मागून येतो. आणि कोळसा पातळ असतानाही एक जखडलेला भाग सहसा शिल्लक राहतोच.

आता दोन्ही हत्यारांची उत्तरे शेजारी ठेवू. कोवळ्या, ऑक्सिजन जास्त असलेल्या कोळशावर पिरिडीनचा परिणाम दिसतो, पण तापवल्यावर तो वितळत नाही. हायड्रोजन बंध उष्णतेनेही तुटतात, मग असे का? कारण त्याच ऑक्सिजनयुक्त गटांतून तापताना कार्बन डायऑक्साइड आणि पाणी निघते आणि त्यांच्या जागी नवे पूल पडतात. जुने पूल तुटण्याचे तापमान येईपर्यंत जाळे आधीच आवळलेले असते. पिरिडीन गाठ सोडवते आणि नवी मारत नाही. उष्णता सोडवता सोडवता नवी मारत जाते. याच्या उलट, सुमारे ८७ टक्क्यांच्या पुढे कार्बन असलेल्या प्रौढ बिट्युमिनस कोळशात पिरिडीनचा जोर झपाट्याने ओसरतो, कारण तिथे हायड्रोजन बंध थोडे आणि वलयांच्या चळती जास्त. तरी त्यांतले कितीतरी कोळसे तापवल्यावर उत्तम वितळतात. अँथ्रासाइटला दोन्हींपैकी काहीच हलवू शकत नाही. त्याची वलये फार मोठी झालेली आणि हायड्रोजन फार कमी उरलेला.

एक्सॉन कंपनीतले रिचर्ड नीव्हेल यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला एक विचार मांडला, जो मला या सगळ्याचा गाभा वाटतो: कोकिंग कोळसा स्वतःच स्वतःचा द्रावक असतो. त्याच्या आतले हलते रेणू उरलेल्या जाळ्याला सैल करतात आणि तुटलेल्या टोकांना हायड्रोजन पुरवतात. याचा पुरावा खरे तर फार जुना आहे. ब्रिटनमध्ये क्लार्क आणि व्हीलर यांनी १९१३ मध्ये पिरिडीन आणि क्लोरोफॉर्म वापरून कोळशाचे तीन भाग वेगळे केले, आणि त्यांतला दोन्हींत विरघळणारा भाग चिकटपणाला जबाबदार असल्याचे पुढच्या कामातून दिसले. तो भाग काढून घेतलेला कोळसा चिकटेनासा होतो.

हीच गोष्ट बाहेरून करता येते. कोळसा टेट्रालीन या हायड्रोजन सहज देणाऱ्या द्रवात सुमारे ४०० अंशांना तापवला तर टेट्रालीन आपला हायड्रोजन देऊन नॅफ्थालीन होते आणि कोळशाचा मोठा भाग द्रवात उतरतो. जर्मनीत फ्रिडरिख बर्गियस यांनी १९१३ मध्येच उच्च दाबाच्या हायड्रोजनने कोळशाचे तेल करण्याचे एकस्व (पेटंट) घेतले होते; १९३१ चे रसायनशास्त्राचे नोबेल कार्ल बॉश यांच्याबरोबर त्यांना मिळाले. जपानच्या ‘हायपरकोल’ प्रकल्पात मिथाइलनॅफ्थालीनसारख्या, फारसा हायड्रोजन न देणाऱ्या द्रावकात कोळसा ३६० अंशांच्या आसपास तापवला गेला. पूल तुटायला सुरुवात होण्याच्या सीमेवर हे तापमान मुद्दाम ठेवलेले होते. दुबळे बंध जवळजवळ सगळे सुटतात, निम्म्याहून अधिक कोळसा विरघळू शकतो, आणि राख गाळात मागे राहते. गाळून घेतलेल्या भागात राख इतकी कमी, की ती दशलक्ष भागांत मोजावी लागते.

विदर्भातल्या कोळशाकडे आता वळता येईल. त्यात ऑक्सिजन जास्त, राख जास्त, आणि गोंडवन कोळशांत सर्वसाधारणपणे आढळणारा इनर्टिनाइट हा घटकही भरपूर. इनर्टिनाइट म्हणजे कोळसा बनण्याआधीच जळालेल्या किंवा हवेने कुजलेल्या वनस्पतींचे अवशेष. त्यांचा हायड्रोजन तेव्हाच गेलेला असतो, त्यामुळे ते मऊ पडत नाहीत. हा कोळसा वीजकेंद्रात जळतो, तिथे मऊ पडण्याची गरजच नसते. कोकसाठी मात्र भारत बहुतांश कोळसा आयात करतो, मुख्यतः ऑस्ट्रेलियातून. झरियात चांगला कोकिंग कोळसा आहे, पण राखेने भरलेला, आणि काही थरांत निसर्गानेच तो आधी भाजून ठेवलेला. तिथे तप्त शिलारस कोळशाच्या थरांत घुसला आणि लगतचा कोळसा जागीच कोक झाला. खाणकामगार त्याला झामा म्हणतात. एकदा घट्ट झालेल्या अशा कोळशाला पुन्हा मऊ करता येत नाही.

आयात केलेला कोळसाही जपावा लागतो. उघड्या ढिगात तो काही महिने पडून राहिला की हवेतला ऑक्सिजन हळूहळू त्यात शिरतो. हा ऑक्सिजन हलत्या रेणूंसाठी राखलेला हायड्रोजन खातो आणि तापवताना नवे पूल पाडणारे गट तयार करतो. वजन, राख, उष्मांक यांत फारसा फरक दिसत नाही, पण प्लास्टोमीटरची ढवळणी फिरेनाशी होते. म्हणून कोकभट्टीचे लोक जुना ढीग आधी संपवतात, आणि मिश्रणात घालण्यापूर्वी त्याची तरलता पुन्हा तपासतात. मऊ न पडणाऱ्या कोळशाला बाहेरून हलते रेणू पुरवण्याचा प्रयोगही याच तर्काने झाला आहे: हायपरकोलसारखा राखविरहित अर्क स्वतः चांगला मऊ पडतो, आणि थोड्या प्रमाणात मिसळला तर कमकुवत कोकिंग कोळशाच्या कणांना एकमेकांशी बांधू शकतो. खर्च अजून आडवा येतो, कारण द्रावक तापवणे, दाबाखाली गाळणे आणि परत मिळवणे यातली प्रत्येक पायरी महाग आहे.